पऱ्हाटीचं विमानतेल: भाव बोलण्याआधी किलोचा हिशोब

माघात आमच्या पारावर पऱ्हाटी, म्हणजे वेचणी झालेली कापसाची झाडं, मागायला एक एजंट येऊन गेला. "पऱ्हाटीपासून विमानाचं तेल होते, भाऊ. डबल भाव भेटन." आदल्या वर्षी ब्रिकेटवाल्याला (भुसा दाबून जळणाच्या कांड्या करणाऱ्याला) पऱ्हाटी देऊन मी हात पोळून घेतले होते. म्हणून सरकीच्या रिकाम्या थैलीवर हिशोब मांडला, तो असा.

सुरुवात वावरातून नको, विमानाच्या टाकीतून करा. पानिपतचा इंडियन ऑइलचा कारखाना धानाच्या तणसापासून इथेनॉल करतो. क्षमता वर्षाला २ लाख टन तणस आणि ३ कोटी लिटर इथेनॉल, म्हणजे टनाला १५० लिटर. विमानाच्या इंधनासाठी त्या इथेनॉलमधलं पाणी काढून रेणू जोडावे लागतात; लिटरमागं साधारण पावणेदोन लिटर इथेनॉल जातं. गुणाकार करा: एका लिटरला जवळपास १२ किलो तणस. पऱ्हाटी तर लाकूडच, तिचा उतारा याहून बरा धरू नका.

आता यातली गोम. कारखान्याच्या फाटकावर किलोमागं १ रुपया वाढला की त्याच्या लिटरमागं १२ रुपये वाढतात. हे इंधन आधीच साध्या विमान-इंधनाच्या दुप्पट ते पाचपट महाग. सरकारनं आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ ला १, २०२८ ला २ आणि २०३० ला ५ टक्के मिश्रणाचं लक्ष्य ठेवलंय, म्हणजे गिऱ्हाईक येईल. पण ते पैशापैशासाठी भांडेल.

मग आपला खर्च. उपटणी यात धरू नका. गुलाबी बोंडअळीपायी पऱ्हाटी तशीही काढावीच लागते. खरा खर्च वाहतुकीचा. माझ्या ट्रॉलीत अख्खी पऱ्हाटी ठासून भरली तरी ८ क्विंटलच बसली. दिसायला डोंगर! भाडं १६०० रुपये, म्हणजे किलोला २ रुपये. तीच श्रेडरनं बारीक केली तर २० क्विंटल बसते, भाडं ८० पैशांवर येतं. श्रेडरचे ६० पैसे धरूनही किलोमागं ६० पैसे वाचतात.

दुसरं, ओल. मी उपटल्या उपटल्या भरून नेली आणि धरमकाट्यावर वजन पाहून खुश झालो. नंतर ओलीची कट्टी लागली. पाण्याचं भाडं मीच भरलं होतं! घरीच पाहा: १ किलो तुकडे उन्हात वाळवा, रोज तोला, वजन घटायचं थांबेपर्यंत. शेवटी ६५० ग्रॅम उरले तर वजनातलं ३५ टक्के पाणी उडालं. वावरातली पऱ्हाटी तशी वाळेपर्यंत गाडी बोलावू नका.

सगळीच विकू नका. आमच्याकडं मजूर बाया चुलीसाठी भारे नेतात. त्यांचा वाटा तोडला तर पुढच्या वेचणीला कोण येईल?

एजंट परत आला तर तीन गोष्टी कागदावर घ्या: भाव ओल्या वजनावर की वाळल्या, भराई कोणाची, पैसे किती दिवसांत. मी हेच विचारलं, तर गडी म्हणाला, साहेबांना विचारून सांगतो. अजून विचारूनच राहिला.