मागच्या बाजूचे स्पार्क प्लग घरी बदलले

गाडीच्या व्ही-६ (तीन-तीन सिलिंडरच्या दोन रांगांच्या) इंजिनचे पुढचे तीन प्लग अर्ध्या तासात निघाले. मागचे तीन मात्र इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनला हवा पुरवणाऱ्या नळ्यांच्या भागाच्या) खाली, फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीला) चिकटून. हात घालून ओढाताण करण्यापेक्षा मॅनिफोल्ड उचलणंच बरं. हवा आत जायच्या उघड्या पोर्टमध्ये (भोकांमध्ये) स्वच्छ फडकी कोंबली आणि जोडातलं गॅस्केट (सील) नवीनच टाकलं.

इंजिन पूर्ण गार हवं. प्लग ज्यात बसतात ते सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग फिरवला तर आटे जाऊ शकतात. प्लगवरची कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारी) काढल्यावर प्लगच्या खड्ड्यात हवा मारली, तर वाळूचे कण आणि सुकलेलं तेल उडालं. हे सगळं सिलिंडरमध्ये गेलं असतं! ही पायरी कधीच गाळू नका.

सर्वांत उपयोगी पडला तो रबरी नळीचा तुकडा. प्लगच्या वरच्या टोकावर घट्ट बसवायचा आणि बोटांनी फिरवायचा. आटे तिरके लागले तर नळी आपोआप घसरते, जबरदस्ती होतच नाही. शेवटचं आवळणं टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने), मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे. इलेक्ट्रोडमधला (ठिणगी पडते त्या टोकांमधला) गॅप आधीच फिलर गेजने (फट मोजायच्या पट्ट्यांनी) तपासला होता.

जुन्या प्लगचे इलेक्ट्रोड झिजून गोल झाले होते. आता आयडलिंगची (उभ्या गाडीत इंजिन चालू असतानाची) थरथर पूर्ण गेली आहे.