लांबच्या राईडला अंग मोडून घ्यायचं नसेल तर या चुका टाळा

नवीन बाईक आली की थोड्याच दिवसात प्रश्न येतोच, "दोन तासात बूड दुखायला लागतं, कुठलं सीट कव्हर घेऊ?" आणि उत्तरंही तीच, जेल पॅड घे, एअर कुशन घे. अरे पण आधी तू बसतोस कसा ते कोणी विचारत का नाही?

मऊ सीट दुकानात बोटाने दाबून बघायला छान वाटतं. पहिला तासभर बरंही वाटतं. मग फोम दबतो आणि बसायची दोन हाडं थेट खालच्या कडक तळावर टेकतात. म्हणून लांब पल्ल्याची चांगली सीट हाताला जरा कडकच लागते आणि मागे रुंद असते. पण खरी चूक सीटची नाहीच, पुतळ्यासारखं बसण्याची आहे. एकाच जागी वजन पडून राहिलं की तिथलं रक्त फिरत नाही, मग कितीही महाग पॅड टाका. माझी सवय अशी की रस्ता सरळ आणि मोकळा दिसला की फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, जोर देऊन बूड जरा उचलायचं, दहा-पंधरा सेकंद, परत बसताना दोन बोटं पुढे किंवा मागे बसायचं. दुखायला लागायच्या आधीपासून करायचं हे, दुखायला लागल्यावर नाही. आणि कंबर ढिली सोडून पोक काढून बसलात तर सगळा भार माकडहाडावर येतो, मग सीटला शिव्या घालू नका. जीन्सची जाड शिवण आणि घामाने भिजलेली सुती अंडरवेअर यांनी जेवढी कातडी सोलते तेवढी सीटने सोलत नाही. सायकलवाले घालतात तशी बिनशिवणीची लांब शॉर्ट आतून घाला, जेल पॅडपेक्षा स्वस्तात काम होईल.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक. "पाणी पिलं की सारखं थांबावं लागतं, म्हणून मी कमी पितो." हे लोक अभिमानाने सांगतात हो! चालत्या गाडीवर वारा घाम लगेच सुकवतो त्यामुळे आपल्याला घाम येतोय हेच कळत नाही, तहानही उशिरा लागते, आणि तोपर्यंत डोकं मंद झालेलं असतं.

आमच्या ग्रुपमध्ये असा एकजण होता. प्रत्येक ब्रेकला हेल्मेटसुद्धा न काढता गाडीवरच बसून राहायचा आणि "चला रे, किती वेळ" म्हणायचा. एकदा भर उन्हात मी त्याच्या मागे होतो. आधी त्याचा इंडिकेटर चालूच राहिला, बराच वेळ, हॉर्न दिला तरी लक्ष नाही. मग पुढच्या गाडीपासूनचं अंतर कधी वाढतंय कधी कमी होतंय. मग जिथे वळायचं ठरलं होतं तिथून सरळ गेला. शेवटी गाठून थांबवला तर साईड स्टँड काढला असं समजून गाडी सोडून दिली, स्टँड वरच. उभ्या उभ्या गाडी आडवी, क्लच लीव्हर मोडला. त्याचं म्हणणं काय तर "काल झोप नीट झाली नाही." विचारलं तर सकाळपासून लघवीलाच गेला नव्हता. सावलीत बसवून मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजलं, लीव्हरची काहीतरी जुळवाजुळव केली, यात दुपार गेली. ब्रेक वाचवून मिळवलेली दहा-दहा मिनिटं कुठे गेली ते त्यालाच विचारा.

मी तासा-सव्वा तासाने थांबतो, टाकीत पेट्रोल असो नसो. हेल्मेट काढतो, चार घोट पितो, थोडं चालतो. लघवी गडद पिवळी दिसली तर पुढचा टप्पा सुरू करायच्या आधी अजून पाणी, एवढं साधं आहे. आणि कोरड्या उन्हात तापमान 35 अंशाच्या वर गेलं की जॅकेट सताड उघडून गार वाटेल ही आशा सोडा, तेव्हा हवा कातडीपेक्षा गरम असते आणि तुम्हाला फक्त वाळवत असते. आतला टीशर्ट भिजवा, जॅकेटची चेन बरीचशी लावून घ्या.

हाताला मुंग्या येतात? ग्रिप आवळून धरताय. हँडल लोंबकळायला नसतं, गुडघ्यांनी टाकी धरा, पाठ-पोट वापरा, कोपर सैल ठेवा. लीव्हरचा कोन पण बघा, बोटं लीव्हरवर ठेवली की मनगट सरळ रेषेत यायला पाहिजे. एक पाना आणि पाच मिनिटांचं काम, पण लोक आधी नवीन ग्लोव्हज घेतात.

इअरप्लगला हसणारे खूप भेटतात. शंभरच्या स्पीडला चांगल्या हेल्मेटच्या आतसुद्धा वाऱ्याचा आवाज 90 डेसिबलच्या वर सहज जातो. अमेरिकेतली निऑश ही संस्था कामगारांसाठी 85 डेसिबलला आठ तासांची मर्यादा सांगते आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ अर्धा करते, म्हणजे 94 ला फक्त एक तास. संध्याकाळी जे डोकं भणभणतं ना, त्यातलं बरंचसं हेच. फोमचे प्लग बारीक वळून, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत घाला आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवा. नुसते टेकवून ठेवले तर उपयोग शून्य. तुमच्याकडे याबद्दल काय नियम आहे ते मात्र आधी बघा.

पाठीवर जड सॅक: नको. सामान गाडीला बांधा, खांदे आणि मान वाचेल.

नवीन हेल्मेट, नवीन बूट लांबच्या राईडच्या दिवशीच पहिल्यांदा घालणं: नको. कपाळावर एक बारीकसा दाब सुद्धा तीन तासांनी खिळा ठोकल्यासारखा होतो.

निघतानाच पेनकिलर घेणारे पण पाहिलेत मी. दुखणं काय सांगतंय ते ऐकायचंच नाही का?

आणि ते "नॉनस्टॉप मारली" वाले. आयर्न बट असोसिएशन या लांब पल्ल्याच्या बाईकवाल्यांच्या अमेरिकेतल्या संस्थेची सॅडलसोर 1000 म्हणून राईड आहे, 24 तासात 1000 मैल म्हणजे 1609 किलोमीटर. भागाकार केला तर सरासरी ताशी फक्त 67 किलोमीटर येते. असल्या राईड पूर्ण होतात त्या उगाच पळवून नाही, थांबे आटोपशीर ठेवून आणि दमल्यावर झोपून. ताशी 80 ला गाडी सेकंदाला 22 मीटर जाते, तीन सेकंद डोळा लागला तर 66 मीटर गाडी कोण चालवतंय? मागचे चार-पाच किलोमीटर कसे गेले ते आठवत नसेल तर तिथेच, सुरक्षित जागा बघून, वीस मिनिटं आडवे व्हा. कॉफी प्यायचीच तर झोपायच्या आधी प्या, ती चढायला तेवढाच वेळ लागतो. काच उघडून तोंडावर वारा घेणं, मोठ्याने गाणी म्हणणं यांनी झोप जात नाही.

रेनसूट पावसाचे पहिले थेंब पडले की घाला, भिजल्यावर घालून काय उपयोग. आणि कृपा करून राईडच्या आदल्या संध्याकाळी गाडी सर्व्हिसिंगहून आणू नका, आठवडाभर आधी आणा, शंभरेक किलोमीटर फिरवा, मेकॅनिकने कुठला नट ढिला ठेवलाय ते घराजवळच कळू दे.