जुन्या होडीवरचं वॉर्निश फुगून सोलत होतं, ते असं थांबलं

लक्षण: काठाच्या सागवानी पट्टीवर आधी पांढुरके फोड, मग नखाने ओढले की कागदासारखे पापुद्रे. सुरुवात नेहमी स्क्रूच्या भोकांपासून.

फर्निचरचं पॉलियुरेथेन वॉर्निश लावलं, सोललं. जुन्यावरच आणखी दोन हात दिले, तेही सोललं. दोन मोसम वाया गेले, चिडचिड झाली ती वेगळीच.

खरं कारण खाली होतं: लाकडात मुरलेली ओल आणि सागाचं स्वतःचं तेल.

शेवटी सगळं खरवडून कोरं लाकूड काढलं. होडी छपराखाली, वारा खेळेल अशी तीन आठवडे ठेवली. ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच. धूळ झटकून ॲसिटोनच्या फडक्याने पुसलं (फडकं पिवळं होतं, तेच ते तेल) आणि सुकताच लगेच पहिला हात: बोटींसाठीचं लवचिक स्पार वॉर्निश, निम्मं टर्पेंटाइन घालून. स्क्रूची भोकं आणि फळ्यांची टोकं यांना हेच पातळ वॉर्निश पिईल तितकं पाजलं. दुसरा हात पाव टर्पेंटाइनचा, पुढचे पाच जवळपास घट्टच. मध्ये रोज ३२० नंबरने हलकी घासणी. उन्हात एकही हात नाही. तापलेल्या लाकडातली हवा फोड आणते.

पाण्याखालच्या भागाला मात्र वॉर्निश नकोच, तिथे रंगच.