जुना व्हॉल्व्ह ॲम्प घेताना आणि त्यात बदल करताना या चुका टाळा

गिटारच्या जुन्या व्हॉल्व्ह ॲम्पची (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या ॲम्प्लिफायरची) वाट लागते ती बहुतेक वेळा पहिल्या आठवड्यात. वस्तू घरी येते, प्लग लावला जातो, आवाज येतो आणि लगेच ‘काय काय बदलता येईल’ याचा शोध सुरू होतो. खरा क्रम याच्या उलट हवा. ॲम्प आधी सुरक्षित करायचा, मग तो कारखान्यातून निघाला तेव्हा वाजत होता तसा वाजता करायचा, आणि बदलांचा विचार त्यानंतर. उदाहरणासाठी इथे फेंडर डीलक्स रिव्हर्ब घेतला आहे: एबी७६३ सर्किट (हा फेंडरचा सर्किट-क्रमांक), दोन ६व्ही६ आउटपुट व्हॉल्व्ह, जीझेड३४ रेक्टिफायर (एसीची डीसी करणारा व्हॉल्व्ह), सुमारे २२ वॅट आणि एक १२ इंची स्पीकर. अमेरिकेतून येताना पुण्या-मुंबईचे लोक सामानात आणतात ते ॲम्प बऱ्याचदा याच घराण्यातले असतात.

‘सगळं ओरिजिनल आहे’ यावर विसंबणे

विकणाऱ्याकडून मागचं झाकण काढलेले आणि चासी (ज्यावर सर्किट बसवलेलं असतं तो धातूचा सांगाडा) बाहेर काढलेले फोटो मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर किंमत त्या हिशेबाने धरा. ट्रान्सफॉर्मरवरचा आकडा वाचता यायला हवा. ६०६५२४ असेल तर ६०६ म्हणजे शूमाकर कंपनी, ५ म्हणजे १९६५ आणि २४ म्हणजे त्या वर्षातला चोविसावा आठवडा. वर्षाचा एकच आकडा असल्यामुळे दशक मात्र ॲम्पवरून ठरवावं लागतं. स्पीकरवर ४६५ म्हणजे ऑक्सफर्ड, २२० म्हणजे जेन्सन. पॉटवर (नॉबमागच्या फिरत्या रेझिस्टरवर) १३७ म्हणजे सीटीएस. कॅबिनेटच्या आत चिकटवलेल्या व्हॉल्व्ह-तक्त्यावर दोन अक्षरांचा शिक्का असतो. पहिलं अक्षर वर्षाचं (ए म्हणजे १९५१, ओ म्हणजे १९६५), दुसरं महिन्याचं. ट्रान्सफॉर्मरची तारीख या शिक्क्याच्या बरीच नंतरची निघाली तर तो बदललेला आहे.

बदललेला स्पीकर ही मोठी अडचण नाही. ट्रान्सफॉर्मर बदललेला असेल तर भाव उतरवून मागा. आणि १९९३ पासून निघालेली याच ॲम्पची नवी आवृत्ती छापील सर्किट बोर्डवर बनते, तेव्हा आत हाताने जोडलेला काळा फायबर बोर्ड दिसत नसेल तर जुन्याचे पैसे मोजू नका. १९६८ नंतरच्या सिल्व्हरफेस (पुढची पट्टी चंदेरी असलेल्या) ॲम्पना उगाच नाक मुरडलं जातं. सुरुवातीचे सिल्व्हरफेस डीलक्स रिव्हर्ब आतून ब्लॅकफेसच्या (त्याआधीच्या काळ्या पट्टीच्या ॲम्पच्या) इतके जवळ आहेत, की स्वस्तात मिळत असतील तर तेच घ्यावेत.

२३० व्होल्ट, ५० हर्ट्झ: सगळ्यात महागात पडणारी चूक

अमेरिकी डीलक्स रिव्हर्ब ११७ व्होल्ट आणि ६० हर्ट्झसाठी बनला आहे. थेट आपल्या सॉकेटमध्ये लावला तर फ्यूज उडणं हा त्यातल्या त्यात चांगला शेवट. स्टेप-डाउन (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) लावायचा हे बहुतेकांना माहीत असतं, पण चुका तिथेही होतात.

पहिली चूक म्हणजे प्रवासासाठी मिळणारा हलका इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर. तो व्होल्टेजची लहर कापून कमी करतो, ट्रान्सफॉर्मरला ते चालत नाही. लोखंडी गाभ्याचा, वजनदार, किमान ३०० व्हीएचा स्टेप-डाउन घ्या. शक्य असेल तर ऑटो-ट्रान्सफॉर्मर (एकाच वाइंडिंगचा) नको, दोन वेगळ्या वाइंडिंगचा घ्या.

दुसरी चूक स्टेप-डाउनवरचा १२० व्होल्टचा टॅप (बाहेर पडणाऱ्या व्होल्टेजची जोडणी) निवडण्याची. ५० हर्ट्झवर गाभ्यातला चुंबकीय भार व्होल्ट भागिले हर्ट्झ या प्रमाणात वाढतो. १२० व्होल्ट दिले तर हा भार मूळच्यापेक्षा सुमारे २३ टक्के जास्त होतो, ११० दिले तर १३ टक्के. १०० वर तो जवळपास मूळ पातळीला येतो, पण मग व्हॉल्व्ह तापवणारे ६.३ व्होल्टचे हीटर ५.४ वर उतरतात आणि व्हॉल्व्ह उपाशी राहतात. ११० वर हीटरला ५.९ मिळतात, म्हणजे दहा टक्क्यांच्या मर्यादेत. शिवाय ६व्ही६ वरचे सुमारे ४१५ व्होल्ट ३९० च्या आसपास येतात, ते त्या बिचाऱ्या व्हॉल्व्हला बरंच. म्हणून ११०. पण डब्यावर छापलेल्या आकड्यावर जाऊ नका. घरातला सप्लाय २४५ असेल तर ‘११०’ च्या सॉकेटमधून ११७ निघतात. ॲम्प चालू ठेवून मीटरने मोजा. तासाभराने पॉवर ट्रान्सफॉर्मरला हात लावून ठेवता येत नसेल, तर २३० व्होल्ट प्रायमरीचा (मेन्सकडच्या वाइंडिंगचा) नवा ट्रान्सफॉर्मर बसवा, २ ॲम्पियरच्या जागी १ ॲम्पियरचा स्लो-ब्लो फ्यूज घाला आणि जुना जपून ठेवा.

तिसरी चूक अर्थिंगची. बाजारातल्या कित्येक स्टेप-डाउन डब्यांना बाहेर फक्त दोन चपट्या पिनांचं सॉकेट असतं. ॲम्पला तीन पिनांची नवी केबल बसवूनही अर्थ तिथेच तुटतो. भिंतीच्या प्लगची मोठी पिन ते ॲम्पची चासी, एवढा रेझिस्टन्स मीटरने बघा. १ ओहमपेक्षा कमी हवा.

केबल बदलताना रंगांची गल्लत हमखास होते. अमेरिकी वायरिंगमध्ये काळी वायर म्हणजे फेज आणि पांढरी न्यूट्रल, तर आपल्या जुन्या वायरिंगमध्ये लाल फेज आणि काळी न्यूट्रल. फेज आधी फ्यूजला, मग स्विचला, मग ट्रान्सफॉर्मरला. न्यूट्रल थेट ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या टोकाला. हिरवी चासीला, स्वतंत्र बोल्टने. त्याचबरोबर ग्राउंड स्विचपासून (दोन पिनांच्या जुन्या केबलच्या काळातला स्विच) चासीला जोडलेला ०.०४७ मायक्रोफॅरड, ६०० व्होल्टचा कपॅसिटर काढून टाका. तो शॉर्ट झाला तर मेन्स चासीवर, चासीवरून गिटारच्या तारांवर, आणि माइकला ओठ लागले की तुमच्यातून. तिसरी पिन लावून हा कपॅसिटर तसाच ठेवणं म्हणजे निम्मं काम.

व्हॉक्स आणि मार्शलसारख्या इंग्लिश ॲम्पना हा त्रास कमी असतो. त्यांच्यावर व्होल्टेज सिलेक्टर असेल तर फक्त तो २३०–२४० वर आहे ना, एवढं बघा.

डिमरस्टॅटने हळूहळू ‘जागं करणे’

वर्षानुवर्षं बंद पडलेला ॲम्प डिमरस्टॅटवर (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या फिरत्या ट्रान्सफॉर्मरवर) हळूहळू व्होल्टेज चढवून चालू करावा, असा सल्ला सर्रास मिळतो. जीझेड३४ असलेल्या ॲम्पमध्ये त्याचा फारसा उपयोग नाही. रेक्टिफायरचा हीटर पुरेसा तापेपर्यंत कपॅसिटरना काहीच पोचत नाही, आणि तापला की एकदम बरंच पोचतं. पन्नास वर्षांचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलायचेच.

त्याआधी ट्रान्सफॉर्मर तपासा. सगळे व्हॉल्व्ह काढा आणि स्टेप-डाउननंतर १०० वॅटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावा. एलईडी चालणार नाही. बल्ब जेमतेम लालसर दिसला किंवा लागलाच नाही तर ठीक. लख्ख पेटला तर ट्रान्सफॉर्मर किंवा त्याचं वायरिंग शॉर्ट आहे.

आत हात घालण्यापूर्वी प्लग काढा. मग १० किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरचं एक टोक क्लिपने चासीला लावा, दुसरं टोक इन्सुलेटेड प्रोबने फिल्टर कपॅसिटरच्या धन टोकाला दहा सेकंद धरा. नंतर मीटरवर १० व्होल्टपेक्षा कमी दिसल्याशिवाय पुढे जायचं नाही. हे काम पूर्वी केलेलं नसेल तर जुने व्हॉल्व्ह रेडिओ दुरुस्त केलेला मेकॅनिक गाठा.

फिल्टर कपॅसिटर चासीच्या बाहेर, पत्र्याच्या झाकणाखाली असतात: १६ मायक्रोफॅरडचे पाच. त्यांच्या जागी २२ मायक्रोफॅरड, ५०० व्होल्टचे घाला. लॅमिंग्टन रोडला किंवा बुधवार पेठेत ४०० व्होल्टचे सहज मिळतात, ते इथे चालणार नाहीत. ‘जास्त मायक्रोफॅरड म्हणजे दमदार बास’ म्हणून पहिल्या जागी १०० घालण्याचा मोहही नको. जीझेड३४ ला पहिल्या कपॅसिटरची मर्यादा ६० मायक्रोफॅरड आहे. इथे दोन समांतर मिळून ४४ होतात, तेवढे पुरे.

पाचही बदलून लोक थांबतात आणि चासीच्या आतला बायसचा (आउटपुट व्हॉल्व्हमधला प्रवाह आवरणाऱ्या ऋण व्होल्टेजचा) छोटा कपॅसिटर, २५ मायक्रोफॅरड ५० व्होल्ट, विसरतात. तो गेला की ६व्ही६ ना ऋण व्होल्टेज मिळत नाही, प्लेट (व्हॉल्व्हमधला प्रवाह गोळा करणारा पत्रा) लाल होते आणि काही मिनिटांत व्हॉल्व्हसोबत आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जाऊ शकतो. त्या जागी ५० मायक्रोफॅरड, १०० व्होल्टचा घाला, आणि धन टोक चासीकडे. बाकी सगळीकडे ऋण टोक चासीकडे जात असल्यामुळे हात सवयीने हा उलटा लावतो.

बायस अंदाजाने ठेवणे

नवे व्हॉल्व्ह घातले की बायस मोजायचा. प्रत्येक ६व्ही६ च्या ८ नंबरच्या पिनेपासून चासीपर्यंत १ ओहम, १ वॅटचा रेझिस्टर टाका; जितके मिलिव्होल्ट दिसतील तितके मिलिॲम्पियर. ६व्ही६ च्या १२ वॅट मर्यादेच्या ७० टक्के म्हणजे ८.४ वॅट, त्याला प्लेटच्या ३९० व्होल्टने भागा: साडेएकवीस मिलिॲम्पियर. ही कमाल धरा, १८–२० वरही छान वाजतो. काही सिल्व्हरफेस ॲम्पमधला पॉट बायस कमी-जास्त करत नाही, फक्त दोन व्हॉल्व्हमधला समतोल साधतो. तो फिरवून दोन्ही आकडे सारखे झाले म्हणजे बायस बरोबर बसला असं समजू नका.

सगळे जुने पार्ट काढून टाकणे

कपलिंग कपॅसिटर (एका टप्प्याचा सिग्नल पुढच्या टप्प्याला देऊन डीसी अडवणारा) गळत असेल तरच बदला. आउटपुट व्हॉल्व्ह काढून त्यांच्या सॉकेटच्या ५ नंबरच्या पिनेवरचं ऋण व्होल्टेज बायस सप्लायशी ताडून बघा. पिनेवर ते कमी ऋण असेल तर त्या बाजूचा ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर गळतोय. दोन्ही सारखे असतील तर निळे कपॅसिटर राहू द्या, आवाजाचा निम्मा जीव त्यांच्यात आहे. कडकड आवाजाचंही तसंच: प्लेटचे १०० किलोओहमचे जुने कार्बन रेझिस्टर एकेक करून बदला, आवाज थांबला की तुम्हीही थांबा.

मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात आणखी एक गंमत होते. काळा फायबर बोर्ड ओल धरतो आणि स्वतःच किंचित वीज वाहू लागतो. मग विनाकारण खरखर, पॉट फिरवताना खसखस, बायस इकडेतिकडे. मीटरचं काळं टोक चासीला लावून लाल टोक बोर्डच्या मोकळ्या जागेवर, आयलेटपासून (पार्ट सोल्डर केलेल्या धातूच्या भोकांपासून) थोडं दूर टेकवा. तिथे काही व्होल्ट दिसले तर दोष पार्टचा नाही, बोर्डचा आहे. प्लग काढून, कपॅसिटर उतरवून हेअर ड्रायरने मंद गरम हवा द्या, मग पुन्हा मोजा.

घूं-घूं आवाज येत असेल तर आधी त्याचा सूर ओळखा. आपल्याकडे १०० हर्ट्झचा असेल तर फिल्टर कपॅसिटर किंवा जुळत नसलेले ६व्ही६, ५० चा जाडा आवाज असेल तर हीटर किंवा अर्थचं वायरिंग.

बदल करताना

६व्ही६ काढून ६एल६ घालणं हा सर्वांत लोकप्रिय घातक बदल. ६व्ही६ चा हीटर ०.४५ ॲम्पियर घेतो, ६एल६जीसी चा ०.९. आधीच ५० हर्ट्झवर तापलेल्या ट्रान्सफॉर्मरवर हा वाढीव बोजा टाकायचा नाही. जीझेड३४ च्या जागी ५यू४जीबी घालतानाही तेच: १.९ ऐवजी ३ ॲम्पियर.

सिल्व्हरफेसला ‘ब्लॅकफेस’ करताना आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवरचे (सिग्नल घेणाऱ्या पिनेवरचे) १२०० ते २००० पिकोफॅरडचे कपॅसिटर उपटले जातात. ते कारखान्याने विस्कळीत वायरिंगमुळे होणारं ऑसिलेशन (सर्किटचं स्वतःहून गुणगुणणं) दाबायला घातले होते. आधी ग्रिड आणि प्लेटच्या वायरी एकमेकींपासून दूर, चासीला लागून बसवा, मगच ते काढा. काढल्यावर व्हॉल्यूम वाढवताना आवाज एकदम पिचकला किंवा शिट्टी आली तर परत लावा.

करण्यासारखे बदल छोटे आहेत. व्हायब्रेटो चॅनेलच्या व्हॉल्यूम पॉटवरच्या ४७ पिकोफॅरडच्या कपॅसिटरचा एक पाय सोडवला की कमी आवाजातली टोचरी धार जाते. पाय कापू नका, सोल्डर वितळवून उचला. मिडल टोनसाठीच्या ६.८ किलोओहमच्या रेझिस्टरच्या जागी २५ किलोओहमचा पॉट घातला तर मिड हातात येतो. पॉटसाठी नवं भोक पाडू नका, आता निकामी झालेल्या ग्राउंड स्विचचं भोक वापरा.

रिव्हर्ब मुका असेल तर सर्किट उघडण्याआधी टँक (रिव्हर्बच्या स्प्रिंगचा डबा) मोजा. मूळ टँकचा इनपुट ८ ओहमचा, मीटरवर सुमारे १ ओहम दिसतो. आउटपुट २२५० ओहमचा, मीटरवर साधारण २००. आकडे उलटे आले तर दोन्ही केबल आपसात बदलून लागल्या आहेत. आणि बाहेरचा स्पीकर एकटाच एक्स्टर्नल जॅकमध्ये लावून आवाज येत नाही, तो बिघाड नव्हे. मुख्य जॅक रिकामा असला की तो आउटपुट शॉर्ट करतो, म्हणून एकच स्पीकर असेल तर तो मुख्य जॅकमध्येच लावा.