गोळीला नावं ठेवण्याआधी: पॉइंट टू-टूची मॅच गोळी पारखताना या चुका टाळा

जळगावात सोनं तोलणाऱ्या काट्यांना तोटा नाही. ओळखीच्या एका सराफाकडून असाच एक जुना काटा दोन दिवसांसाठी मागून आणला आणि घरी बसून पॉइंट टू-टूची, म्हणजे ०.२२ इंच कॅलिबरची, दीडशे मॅच (स्पर्धेची) काडतुसं एकेक करून तोलली. हलकी एका डबीत, मधली दुसरीत, जड तिसरीत. आता ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, असा येणार की बघत राहावं, या खुशीत पुण्यातली बालेवाडीची शूटिंग रेंज गाठली. तिन्ही डब्यांचे ग्रुप सारखेच निघाले.

का, ते नंतर डोक्यात शिरलं. गोळी एकटीच ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम. वर पितळेची टोपी. दारू जेमतेम एक-दोन ग्रेन. काट्यावर दिसलेला फरक शिशाचा, पितळेचा की दारूचा, हे काटा सांगत नाही. दोन रात्री गेल्या, चष्म्याचा नंबर वाढला असेल तर तोही त्यातच.

स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, आडवं आणि उभं राहून नेमबाजी) ब्राँझ मिळवलं, तेव्हापासून एअर रायफलवरची पोरं मला पहिला प्रश्न हाच करतात: "सर, कोणती गोयी चांगली?" (आमच्याकडे 'ळ'चा 'य' होतो. केळी म्हणजे केयी, गोळी म्हणजे गोयी.) मी विचारतो, कोणत्या बॅरलसाठी, म्हणजे कोणत्या रायफलच्या नळीसाठी?

एली टेनेक्स, लापुआ मिडास प्लस, आरडब्ल्यूएस आर-५० ही मॅच काडतुसांतली मोठी नावं आहेत आणि उगाच मोठी झालेली नाहीत. पण डबीवरच्या नावापेक्षा लॉट नंबर, म्हणजे कारखान्यातल्या एका खेपेचा नंबर, महत्त्वाचा. एकाच नावाचे दोन लॉट एकाच बॅरलमधून वेगळे वागतात. कापूस एकाच वाणाचा असला तरी जिनिंगवाला गाडी उघडून बघितल्याशिवाय भाव बोलत नाही, तसंच हे. म्हणून तर इंग्लंडात बर्मिंगहॅमला एलीची आणि जर्मनीत शोनेबेकला लापुआची टेस्ट रेंज आहे. तिथे तुमची रायफल शिकंज्यात धरून वेगवेगळे लॉट झाडून बघतात. एरंडोल-पारोळ्याच्या पोराला ते परवडणारं नाही. त्याने दोन-तीन लॉटची थोडी थोडी काडतुसं घ्यावी, तपासावी आणि जो पसंत पडेल तोच लॉट परवान्यात बसेल तेवढा एकदम घ्यावा. आधी पेटी आणि मग तपासणी, हा उलटा कारभार मी दोनदा केलाय.

तपासणीतली सगळ्यात महागडी चूक म्हणजे तीन गोळ्यांचा ग्रुप. तीन झाडल्या, तिन्ही एकमेकींना चिकटल्या, कागदाचा फोटो काढला, लॉट पास! पण ग्रुप म्हणजे सर्वांत लांबच्या दोन भोकांमधलं अंतर, आणि गोळ्या वाढल्या की ते वाढणारच. ज्या रायफलचा तीन गोळ्यांचा ग्रुप सरासरी १५ मिलिमीटर येतो, तिचाच दहा गोळ्यांचा २४ च्या आसपास जातो. गोळी तीच, हात तोच. त्यामुळे एका लॉटचा तीनचा आणि दुसऱ्याचा दहाचा ग्रुप शेजारी ठेवून निकाल लावणं म्हणजे किलो आणि डझनाची तुलना. पाच-पाचचे ग्रुप घेतले तरी एकाच लॉटच्या दहा ग्रुपांत सर्वांत मोठा सर्वांत लहानाच्या दुप्पट निघाला तर नवल नाही. मी प्रत्येक लॉटच्या किमान चाळीस गोळ्या झाडतो, वाळूच्या पिशवीवर टेकून, आणि सगळ्या एकाच चित्रावर उतरवतो. त्यातला सुंदर ग्रुप खिशात ठेवून बाकीचे फेकायचे नाहीत. मोह होतो.

५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, आणि ०.१ गुण म्हणजे ०.८ मिलिमीटर. आता वारा बघा. आडवा वारा सेकंदाला एक मीटर, म्हणजे गालाला नीट जाणवतही नाही असा, तरी गोळी सहा-सात मिलिमीटर सरकते. जवळपास एक अख्खं रिंग. सकाळी सातला 'अ' लॉट आणि साडेदहाला वारा सुटल्यावर 'ब' लॉट झाडला, तर तुलना सकाळ आणि दुपारची झाली. पाच 'अ', पाच 'ब', पुन्हा पाच 'अ', असं आलटून पालटून झाडा.

मात्र आलटून पालटून झाडण्यातही एक खोड आहे. प्रत्येक कंपनीचं गोळीवरचं मेण वेगळं. कंपनी बदलली की बॅरलला नव्या मेणाची सवय व्हायला दहा-वीस गोळ्या जातात, आणि बॅरल घासून पुसल्यावरही सुरुवातीच्या गोळ्या इकडेतिकडे जातात. म्हणून आलटापालट एकाच कंपनीच्या लॉटमध्ये करावी. कंपनी बदलायचीच असेल तर नव्या कंपनीच्या पहिल्या वीस गोळ्या मातीच्या बांधात झाडा आणि त्यांचे गुण लिहूच नका.

'जोरात सुटणारी गोळी वाऱ्याला कमी भीक घालते' हेही सर्रास ऐकतो. पॉइंट टू-टूच्या बाबतीत उलटं आहे. मॅच गोळी सेकंदाला सुमारे ३२५ मीटरने, आवाजाच्या वेगाच्या जरा खालून सुटते. हाय व्हेलॉसिटी गोळी ३८० च्या आसपास सुटते, आवाजाच्या वेगाजवळ हवा तिला जबर आडवते, आणि ५० मीटरवर ती मॅच गोळीपेक्षा जास्त सरकते.

मग आपलं ऊन. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ ला टेकतो, बंद गाडीच्या डिकीत तर विचारूच नका. तिथे राहिलेली डबी मी उघडून बघितली आहे: मेण वितळून खालच्या पुठ्ठ्यावर उतरलेलं, गोळ्या काही चकचकीत, काही कोरड्या, आणि चिकट जागी काळ्या मातीची धूळ बसलेली. तो लॉट मी 'खराब' म्हणून वहीत लिहिला होता! गरम दारूने वेगही वाढतो. सेकंदाला दहा मीटरचा फरक पडला तर ५० मीटरवर गोळी सात-आठ मिलिमीटर वर-खाली जाते. डबी गाडीत ठेवायची नाही, आणि रेंजवर सावलीत.

एअर रायफलवाल्यांची डबी वेगळ्याच वाटेने बिघडते. छर्रा मऊ शिशाचा, मागची कड कागदासारखी पातळ. ती डबी मोटरसायकलच्या डिकीत टाकून चोपडा ते जळगाव आणली की निम्म्या छऱ्यांच्या कडा चेपलेल्या. आत स्पंजाचा तुकडा भरा.

३०० मीटर आणि त्यापुढे छोट्या कॅलिबरची सेंटरफायर रायफल (जिच्या काडतुसाच्या बुडाला मधोमध ठिणगीची टोपी असते) वापरणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी सांगतो. बॅलिस्टिक कोएफिशंट, म्हणजे गोळी हवेला किती दाद देत नाही तो आकडा, बघताना जी-१ ला जी-१ शीच ताडा; जी-१ आणि जी-७ ही तो मोजायची दोन वेगळी मापं. त्याच गोळीचा जी-१ आकडा जी-७ च्या जवळजवळ दुप्पट असतो, आणि जाहिरातीत मोठाच छापतात. दुसरं, लांब जड गोळीला बॅरलचा पीळ (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचांचा वळसा) घट्ट लागतो. १२ इंचाला एक फेरा देणाऱ्या पॉइंट टू-टू-थ्रीमध्ये ८० ग्रेनची गोळी सावरत नाही, कागदावर आडवी आपटून लांबट भोक पाडते. तेव्हा गोळी वाईट नसते.

गेल्या हिवाळ्यात एक पोरगा कागद घेऊन आला. पन्नास गोळ्या, पण भोकांचे दोन स्वच्छ पुंजके, मध्ये बोटभर मोकळी जागा. त्याच्या मते लॉटमध्ये भेसळ. मी अ‍ॅलन की मागितली. स्टॉकला (रायफलच्या दस्त्याला) बॅरल धरून ठेवणारा पुढचा स्क्रू पाऊण फेरा सैल होता. घट्ट केला, पुन्हा दहा झाडल्या, एकच पुंजका. वहीत लाल शाईने 'बाद' लिहिलेला तोच लॉट त्याने पुढच्या स्पर्धेत वापरला.