सोयाबीनच्या पेरणी-काढणीसाठी हवामान अंदाज कसा वापरावा

हंगामी अंदाज सरासरीपेक्षा जास्त पावसाचा आला, एवढ्यावरून पेरणीची घाई करू नये. तो जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचा आणि मोठ्या प्रदेशाचा असतो. आपल्या शिवारात जूनअखेर उघडीप पडेल की नाही, हे त्यातून कळत नाही. शेतातील निर्णयांसाठी कामाचा ठरतो तो पाच दिवसांचा जिल्हानिहाय अंदाज. तो मंगळवारी व शुक्रवारी निघणाऱ्या कृषी हवामान पत्रिकेत पीकसल्ल्यासह दिलेला असतो. ‘मेघदूत’ अ‍ॅपवरही पाहता येतो.

अंदाज वाचताना बहुतेकांची नजर ‘मुसळधार’ या शब्दावर थांबते, पण आधी पावसाची व्याप्ती पाहावी. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातील फार तर एक चतुर्थांश पर्जन्यमापन केंद्रांवर पाऊस. म्हणजे आपले रान कोरडे राहण्याचीच शक्यता अधिक.

पेरणीच्या वेळी अशा अंदाजाच्या भरवशावर कोरड्यात बियाणे टाकणे महागात पडते. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोलवर गेल्यावर आणि वापसा (चिखल नाही, पण पुरेशी ओल आहे अशी जमिनीची स्थिती) आल्यावरच पेरावे. हा पाऊस तालुक्याच्या आकड्यावरून न धरता बांधावरच्या साध्या पर्जन्यमापकावर मोजावा. ओल वरवरची असेल आणि पुढचे पाच दिवस कोरडे दिसत असतील, तर थांबावे. चार दिवसांच्या विलंबाने होणारे नुकसान दुबार पेरणीच्या खर्चापुढे किरकोळ असते. मात्र जुलैचा मध्य उलटेपर्यंत वाट पाहू नये.

फवारणीचा हिशेब सोपा आहे: त्या दिवशी पाऊस किंवा जोराचा वारा सांगितला असेल, तर पंप बाहेर काढू नये.

काढणीला मात्र पेरणीचा नियम उलटा करावा. ‘तुरळक ठिकाणी हलका पाऊस’ एवढा अंदाजही गांभीर्याने घ्यावा, कारण कापून पसरलेले सोयाबीन भिजून ओल्या जमिनीला टेकले की शेंगांतच कोंब फुटतात आणि दाणा डागाळतो. दोन-तीन दिवसांची उघडीप दिसत असेल, तरच कापणीला हात घालावा आणि वाळवून मळता येईल तेवढेच कापावे. मजूर आणि मळणीयंत्र त्याच दिवसांत मिळणार नसतील, तर उघडीप असूनही थांबलेले बरे. कापल्यानंतर अंदाज बदललाच, तर माल उंचवट्यावर गोळा करून ताडपत्रीने झाकावा, भोवती चर काढावा आणि ऊन पडताच ताडपत्री उघडून वारा लागू द्यावा, अन्यथा आतला माल तापून खराब होतो.