घरातील व्यक्तीचा मानसिक त्रास अचानक विकोपाला गेल्यास

घरातील व्यक्ती जीव देण्याची भाषा बोलू लागली, कानात आवाज येतात म्हणून रात्ररात्र जागू लागली किंवा अंगावर धावून येऊ लागली, तर मानसोपचारतज्ज्ञाची वेळ मिळेपर्यंत थांबू नये. कोल्हापुरात अशा वेळी थेट सीपीआरच्या, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे. खेड्यात असाल तर जवळचे ग्रामीण रुग्णालय गाठावे आणि वाहन नसेल तर 108 ला फोन करावा. रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय घाटापलीकडे आहे, त्यामुळे आणीबाणीत एकदम तिकडे गाडी काढणे शहाणपणाचे नाही.

वयस्कर माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागला, तर ते दर वेळी मनाचेच दुखणे असते असे नाही. रक्तातील साखर किंवा सोडियम उतरणे, जंतुसंसर्ग, तसेच रोजची दारू बंद केल्यावर दोन-तीन दिवसांनी सुटणारा कंप आणि होणारे भास हीही कारणे असू शकतात आणि त्यांत जिवाला धोका असतो. नरसोबाच्या वाडीला देवाकडे नेण्याची किंवा उतारा काढण्याची घाई म्हणूनच करू नये. श्रद्धेला नंतर वेळ आहे.

उसाच्या पट्ट्यात तणनाशक आणि कीटकनाशक हाताशीच असते. ते पोटात गेल्याची शंका आली, तरी मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये, रिकामी बाटली सोबत घेऊन ताबडतोब रुग्णालयात न्यावे. पोलिसांच्या भीतीने घटना लपवू नये, कारण मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या 115 व्या कलमाने आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती, उलट सिद्ध न झाल्यास, तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा केली जात नाही.

गाडी येईपर्यंत दोर, औषधे, विळा-कोयता दूर ठेवावा आणि व्यक्तीला एकटे सोडू नये. आपल्याकडे गल्ली जमायला वेळ लागत नाही. जमलेल्या लोकांना बाहेर थांबवून, ज्याचे ऐकले जाते अशा एकानेच हळू आवाजात बोलावे. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ हे स्पष्ट विचारावे; विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. देवदर्शनाला जाऊ असे खोटे सांगून नेल्यास पुढे औषधावरचा विश्वासही उडतो. काय करावे ते सुचत नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर नातेवाइकांनाही चोवीस तास मराठीतून बोलता येते. हिंसा आवरत नसेल, तर 112 वर पोलिसांना बोलवावे. त्यांनी अशा व्यक्तीला कोठडीत न ठेवता 24 तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचे असते.

रुग्ण नकार देत असला, तरी जीव धोक्यात असल्यास याच कायद्याच्या 94 व्या कलमानुसार कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, नामनिर्देशित प्रतिनिधी (रुग्णाच्या वतीने निर्णय घेण्यासाठी नेमलेली व्यक्ती) हजर असल्यास त्याच्या संमतीने, 72 तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो. केसपेपर काढताना जुन्या चिठ्ठ्या, चालू गोळ्या आणि शेवटची झोप कधी झाली ही माहिती जवळ असावी. घरी सोडताना पुढील तपासणीची तारीख लिहून घ्यावी आणि गोळ्यांचे पाकीट आपल्या ताब्यात ठेवून एकेक डोस हातात द्यावा.